रूटकाका

प्रवासाला गेलेला माणूस घरी नसतो, त्यामुळे शेजाऱ्यांना त्याचा उपद्रव नसतो. प्रवासाची तयारी करणारा माणूस मात्र बारा महिने तेरा त्रिकाळ घरीच असतो. आमच्या सोसायटीतले रूटकाका या दुसऱ्या जातीचे.

ही जात डोंबिवलीत फोफावली त्याला कारण आहे. इथे गाडी घेणं सोपं, लावणं अवघड, आणि चालवण्याचं म्हणाल तर तो विषयच काढू नये. घरडा सर्कलहून लडाखच्या गप्पा मारत निघालेला माणूस टिळक चौकापर्यंत गप्प होतो, आणि स्टेशन येईस्तोवर गाडी कोणाला विकावी याचा विचार करू लागतो. मग तो घरी येऊन नकाशा उघडतो. ठाण्यातही ही जात मुबलक आहे, फक्त तिथल्यांचं दुखणं घोडबंदर रोडचं. कल्याणची मंडळी पत्री पुलाने घडवली. जुना पूल २०१८च्या नोव्हेंबरात पाडला, नवा २०२१च्या जानेवारीत सुरू झाला. मधल्या काळात त्या वाहतूककोंडीत बसून किती कल्याणकरांना नॉर्वेचे रस्ते तोंडपाठ झाले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

काका विमा कंपनीतून निवृत्त झाले. त्यांची बुलेट साडेतीनशे सीसीची, एमएच-०५ नंबरची, खाली स्टिल्टमध्ये कव्हर घालून उभी. रविवारी सकाळी कव्हर निघतं, शामॉयच्या फडक्याने टाकी पुसली जाते, किक बसते, पहिल्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत येऊन काय म्हणायचं ते म्हणतात, दहा मिनिटं इंजिन गरम होतं आणि कव्हर परत चढतं. वर्षातून एकदा माळशेज. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, घाट, एक फोटो, आणि दिवेलागणीच्या आत परत. या एका फेरीसाठी काकांकडे आर्मरवालं जॅकेट आहे, नी-गार्ड आहेत, हेल्मेटवर बसवायचा कॅमेरा आहे आणि लेहमधून कोणीतरी आणून दिलेल्या रंगीत पताका आहेत. पताका हँडलला बांधलेल्याच असतात. त्या पाहून नवा वॉचमन काकांना लष्करातले समजला होता. काकांनी त्याचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.

पण काकांचं खरं वैभव म्हणजे त्यांच्या रूटच्या फायली. प्लॅस्टिकचं फोल्डर, आत पुठ्ठ्याचे तक्ते, तीस वर्षं प्रीमियमच्या नोटिसा लिहून घोटलेलं बारीक अक्षर. निळ्या शाईत किलोमीटर, पेट्रोल पंप, स्वच्छतागृह. लाल शाईत सूचना. ‘येथे उजवीकडे वळू नये.’ ‘येथे ढाबा चांगला दिसतो, पण नाही.’ ज्या रस्त्यावर आपण पाऊल ठेवलेलं नाही तिथला ढाबा चांगला नाही हे काकांना कसं कळतं, असं विचारायचं नसतं. मी विचारलं होतं. त्यांनी पाऊण तास उत्तर दिलं.

काकांचा पुतण्या इंग्लंडात रेडिंगला असतो. एकदा फोनवर तो सहज म्हणाला, “या समरला गाडी घेऊन युरोपात जावं म्हणतोय.” त्या क्षणापासून ती ट्रिप त्याची राहिली नाही.

काकांनी डोंबिवलीत बसून सूत्रं हाती घेतली. इथे रात्रीचे साडेअकरा म्हणजे तिथे संध्याकाळचे सात. पुतण्या ऑफिसातून घरी येऊन बूट काढतोय तोच फोन. “गाडीला मागे जीबीचं स्टिकर आहे ना, ते काढ. २०२१च्या सप्टेंबरपासून यूके लागतं.” दुसऱ्या रात्री: “ग्रीन कार्ड नको आता, पण गाडीचं लॉगबुक मूळ घे, झेरॉक्स नको.” तिसऱ्या रात्री: “फ्रान्सला गाडीत त्रिकोण आणि पिवळं जॅकेट लागतं. जॅकेट डिकीत ठेवू नकोस, हाताशी ठेव. बाहेर पडायच्या आधी घालायचं असतं.” ब्रिटिश गाडीचे दिवे डावीकडच्या रस्त्यासाठी बनवलेले, म्हणून उजवीकडून चालवताना ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात, त्यासाठी काचेवर चिकटपट्ट्या लावाव्या लागतात, हे समजलं तेव्हा तर काका हळवे झाले. “समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून पट्टी लावतात, अहो!” ते मला जिन्यात थांबवून म्हणाले. “आपल्याकडे डोळ्यांत जावेत म्हणून जास्तीचे दिवे लावतात.”

पुतण्याला कोणीतरी सांगितलं होतं की फ्रान्समध्ये गाडीत दारू तपासायची नळी बाळगणं सक्तीचं आहे. काकांनी ती खरेदी डोंबिवलीहून रोखली. नियम २०१२ साली आला, दंड कधी ठेवलाच नाही, आणि २०२०मध्ये नियमही गेला. स्वित्झर्लंडच्या टोल-स्टिकरवर मात्र ते चिडले. चाळीस फ्रँक, आणि ते वर्षाचंच. दोन दिवसांसाठी जा नाहीतर दोनशे. “हा अन्याय आहे,” काका म्हणाले, आणि त्यांनी स्वित्झर्लंड वगळून एक रूट काढून दिला. तो तीनशे किलोमीटर लांब होता. पुतण्याने चाळीस फ्रँक भरले आणि काकांना सांगितलं नाही.

या मंडळींचा दोष असा की त्यांचं ज्ञान नुसतं कागदावर राहत नाही. जर्मनीत हायवेवर गाड्या तुंबल्या की सगळ्यात डावीकडची लेन डाव्या अंगाला सरकते, बाकीच्या उजव्या अंगाला, आणि मधोमध रुग्णवाहिकेला वाट मोकळी होते. तिथे तो कायदाच आहे, रेटुंग्सगासे म्हणतात. काकांनी हे वाचलं आणि पुढच्या शनिवारी कल्याण-शीळ रस्त्यावर, काटई नाक्यापाशी, करून पाहिलं. गाड्या तुंबल्या होत्या. काकांनी बुलेट अगदी कडेला घेतली, मागच्याला हाताने ‘इकडे, इकडे’ केलं. मागचा रिक्षावाला समजला की काका त्याला पुढे बोलावताहेत. तो मध्ये घुसला. त्याच्या मागून दुसरा. मग एक टेम्पो. मोकळी जागा दिसते आहे म्हटल्यावर समोरच्या बाजूने एक पाण्याचा टँकर उलटा आला. दोन्ही दिशा बंद झाल्या, आणि तासाभराने वाहतूक पोलिसाने काकांना विचारलं, “साहेब, तुम्ही हात कशाला करत होता?” काकांनी त्याला जर्मनीचं सांगितलं. तो सज्जन होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “तिकडं रिक्षा नसतील.” काकांनी घरी येऊन ते फायलीत लिहिलं. लाल शाईत.

काकू या सगळ्याकडे तटस्थपणे बघत असत. म्हणजे २०२३च्या मार्चपर्यंत. त्या महिन्यात रमिला लटपटे नावाची मराठी बाई नऊवारी नेसून मोटारसायकलवर गेटवे ऑफ इंडियाहून जगप्रवासाला निघाली. पेपरात फोटो आला. पाठोपाठ पाडवा. डोंबिवलीची नववर्ष स्वागतयात्रा ही गुढीपाडव्याच्या शोभायात्रांची थोरली. गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केली आणि मग गावोगाव पसरली. त्यात नऊवारी, नथ आणि फेटा घालून बुलेटवर बसलेल्या मुली असतात. त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने काकांची बुलेट मागून नेली आणि फडके रोडवरून मिरवून आणली. संध्याकाळी गाडी परत आली, काका तिच्यावरचा गुलाल पुसत होते, तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, “ती बाई लुगडं नेसून जगभर निघाली. तुम्ही एवढे गुडघ्याला पाट्या बांधून कुठवर गेलात हो?”

हे वाक्य दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. सप्टेंबरात काका-काकू रेडिंगला निघाले.

निघण्यापूर्वी काकांनी कल्याणच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं. ब्रिटनचा व्हिसा, शेंगेनचा व्हिसा, दोन्हींचे विमे, हॉटेलांची बुकिंगं, पेन्शनचा दाखला, सोसायटीचं ना-हरकत पत्र. शेवटचं कोणी मागितलं नव्हतं. सेक्रेटरीही गोंधळले होते, पण त्यांनी शिक्का मारून दिला. युरोपची हरकत असेलच तर सोसायटीची नाही, एवढा त्याचा अर्थ.

पुतण्याच्या गाडीच्या विम्यात काकांचं नाव नव्हतं, म्हणजे परमिट असून काकांना स्टिअरिंग नाही. काकांनी ते नियम म्हणून मान्य केलं. नियम म्हटला की ते काहीही मान्य करतात. मात्र युरोपात शिरण्याआधी त्यांनी एक हट्ट पुरवून घेतला. रॉयल एनफिल्डचं मूळ गाव रेडिच. मद्रासला १९५५मध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली. इंग्लंडातला धंदा १९७०च्या सुमारास आटोपला आणि मद्रासची चालूच राहिली. आता रेडिचला कारखान्याच्या जागी गाळे आहेत. काकांनी एका गाळ्याच्या शटरला हात लावून नमस्कार केला. आतून एक माणूस बाहेर आला आणि टाइल्स हव्यात का म्हणून विचारू लागला.

फोकस्टनला, समुद्राखालच्या बोगद्याच्या तोंडाशी, मोठा प्रश्न बेसनाच्या लाडवांचा होता. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आता तूप हा दुधाचा पदार्थ की नाही? की लाडवात गेल्यावर त्याचं तूपपण संपतं? काका आदल्या रात्री झोपले नाहीत. काकूंनी डबा पायाशी ठेवला आणि वर शाल टाकली. फ्रेंच पोलीस इंग्लंडच्याच भूमीवर, गाडी बोगद्यात जायच्या आधी, पासपोर्ट तपासतात. तिथल्या पोलिसाने व्हिसा पाहिला, शिक्का मारला, पासपोर्ट परत दिला. संपलं. काकांनी खिडकीतून फाइल पुढे केली. “इन्शुरन्स? हॉटेल बुकिंग?” तो “नॉन, मर्सी” म्हणाला. काकांचा चेहरा पडला. एका वर्षाच्या अभ्यासाला एवढ्या सुंदर देशाने एकही प्रश्न विचारू नये?

बोगदा १९९४ सालचा, पन्नास किलोमीटरचा, गाडीत बसल्याबसल्या गाडीसकट आगगाडीतून पस्तीस मिनिटांत पार. काकूंना समुद्राखालून जायचं म्हणजे काचेबाहेर मासे दिसतील असं वाटलं होतं. दिसली डब्याची पिवळट भिंत. काका म्हणाले, “आपला पारसिकचा १९१६ सालचा आहे.” “आणि तेवढाच लांब आहे का?” पुतण्याच्या बायकोने विचारलं. “सव्वा-दीड किलोमीटर भरेल,” काका म्हणाले. “पण त्यात दारात लटकून जाता येतं.”

आणि मग कॅले. इथून पुढे, मला वाटतं, काकांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस सुरू झाले, आणि तेही एका गैरसोयीमुळे. ब्रिटिश गाडीत ड्रायव्हर उजवीकडे. युरोपात रस्ता उजवीकडून. म्हणजे ड्रायव्हर कडेच्या गवताजवळ आणि शेजारचा माणूस रस्त्याच्या मधोमध. पुढे ट्रक असेल तर समोरून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसतच नाही. ते दिसतं डाव्या सीटवरच्याला. टोलचं यंत्रही डाव्या बाजूला. पुतण्याची बायको मागच्या वर्षी या सीटवर बसून रडकुंडीला आली होती. ती म्हणाली, “काका, तुम्हीच बसा पुढे.”

काका बसले, आणि फ्रान्सच्या रस्त्याला कल्याण-शीळचा क्लीनर मिळाला. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे… थांब! कंटेनर! … हां, जाऊ दे आता, दाब!” आणि रस्ता मोकळा झाला की बाहेरून दारावर दोनदा थाप. गाडी लीजवरची होती. पुतण्याने दोनदा समजावलं की थाप मारू नका, नुसतं सांगा. काकांना ते जमेना. थाप हा त्यांच्या लेखी वाक्याचा पूर्णविराम होता.

टोलवर त्यांची खरी परीक्षा झाली. कॅलेहून ऱ्हँसकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरताना यंत्रातून तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना ते घालून पैसे भरायचे. पुतण्याने पहिल्यांदा गाडी हातभर लांब लावली. काकांनी खांद्यापर्यंत हात बाहेर काढला, पोचेना. पट्टा सोडला, कमरेपर्यंत बाहेर आले. तिकीट चिमटीत आलं आणि वाऱ्याने उडालं. काका दार उघडून तिकिटामागे धावले. आधी मात्र पिवळं जॅकेट घातलं. हाताशी होतंच. तिकीट पकडून वळून बघतात तो मागे सातआठ गाड्या उभ्या, आणि हॉर्न एकाचाही नाही. काका घाबरले. धावत येऊन आत बसत म्हणाले, “मागे सगळे ठीक आहेत ना रे? कोणी काही बोलतच नाहीये.”

शेंगेन हे काकांनी फायलीत लाल शाईने चौकट करून लिहिलेलं गाव. लक्झेंबर्गमधलं, मोझेल नदीकाठचं, जर्मनी आणि फ्रान्सची हद्द जिथे येऊन भिडते तिथलं. १९८५ मध्ये इथेच, नदीतल्या बोटीवर, सीमेवरची तपासणी उठवण्याचा करार झाला. जन्मभर मुलुंडच्या नाक्यावर थांबलेला माणूस हा. (तिथला छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला तो पुढे, २०२४च्या ऑक्टोबरात.) काका पासपोर्ट हातात धरून सीमेची वाट पाहत बसले होते. एक निळी पाटी गेली, बारा पिवळे तारे असलेली. “आता येईल,” काका म्हणाले. “गेली, काका,” पुतण्या म्हणाला. काकांना पटेना. त्यांनी गाडी वळवायला लावली, पाटीपाशी उतरले, इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. कोणी अडवलं नाही. तिसऱ्या खेपेला एका सायकलवाल्या आजींनी त्यांना हात केला, तेवढीच काय ती दखल.

काकूंचं म्हणणं असं की काकांनी सगळ्या युरोपात डोंगर, चर्च, चित्रं यांतलं काही धड पाहिलं नाही. त्यांनी लेनची पट्टी पाहिली. ब्लॅक फॉरेस्टमध्ये बाकीचे केक खात होते तेव्हा काका एका चौकात उभे राहून, रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला थांबलेला सायकलस्वार बघत होते. सिग्नल हिरवा झाला आणि तो गेला, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

स्टेल्व्हिओला मात्र त्यांनी मान वर केली. ऑस्ट्रियातून रेशेन खिंड उतरलं की इटलीत प्राड गाव लागतं, तिथून हा घाट चढतो. अठ्ठेचाळीस वळणं, प्रत्येकाला नंबराची पाटी, माथा २७५७ मीटर. ऑस्ट्रियाच्या बादशहाने कार्लो दोनेगानी या इंजिनिअरकडून १८२० ते १८२५ या पाच वर्षांत बांधून घेतला. “पाच!” काका दर दहा वळणांनी म्हणत होते. आमच्याकडे पाच वर्षांत पुलाच्या नावावर एकमत होत नाही.

माथ्यावर सॉसेजच्या गाड्या आणि मोटारसायकलींची ही गर्दी. त्यात जर्मन नंबरची एक रॉयल एनफिल्ड हिमालयन. काका थबकले. मालक पन्नाशीचा, चामडी पँटवाला. गाडी चेन्नईची, हे त्याला माहीत होतं. काका डोंबिवलीचे, याचा अर्थ त्याला लागला नाही. काकांनी वाकून चेनखाली दोन बोटं घातली आणि वर उचलली. चेन चांगली दोन इंच वर आली. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की भाषांतराची गरज पडली नाही. पाना निघाला. कानटोपी घातलेले काका आणि चामडी पँटवाला जर्मन जमिनीवर मांडी घालून बसले. मागच्या चाकाचा नट सैल, मग दोन्ही बाजूंच्या खुणा मोजायच्या, डावीकडे जितक्या तितक्याच उजवीकडे, नाहीतर चाक तिरकं चालतं. काका मराठीत मोजत होते, तो जर्मनमध्ये, आणि आकडा जुळत होता. नट आवळल्यावर काकांनी बोटाने चेन पुन्हा उचलून दाखवली आणि सवयीने टाकीवर दोनदा थाप मारली. काकूंनी शाल बाजूला करून डबा उघडला. युरोपियन युनियनच्या नियमांसमोर ज्याचा निकाल लागला नव्हता, तो लाडू जर्मनाने दोन घासांत संपवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

त्यालाही लडाखला जायचं होतं. काकांनी नंबर दिला. बिचाऱ्याला कल्पना नव्हती. आता त्याच्याही घरी संध्याकाळी सातला फोन वाजतो. गाडी जहाजाने न्हावा शेव्याला उतरवायची, परदेशी गाडीसाठी कार्ने लागतं, ते तिकडच्याच ऑटोमोबाइल क्लबकडून आधी काढायचं, नाहीतर कस्टम्स गाडीला हात लावू देणार नाही. तक्ता तयार आहे. पहिला दिवस: न्हावा शेवा ते डोंबिवली. लाल शाईत: ‘शीळफाटा. येथे धीर सोडू नये.’

परवाच्या सोसायटीच्या सभेत काकांनी विषय मांडला, पाहुण्यांच्या दुचाकीला स्टिल्टमध्ये जागा मिळण्याबाबत. सेक्रेटरींनी उपविधी काढले. बाहेरची गाडी एका रात्रीच्या वर ठेवता येत नाही. काका उठले, फाइल उघडली आणि कार्नेवर आलेली गाडी देशात किती काळ राहू शकते तो उतारा वाचून दाखवला.

“भारत सरकार सहा महिने ठेवून घेतं,” काका म्हणाले, “आणि तुम्हाला दोन रात्री जड होतात?”

“भारत सरकारकडे,” सेक्रेटरी म्हणाले, “जागा आहे.”